पाटीलकाकांचा पाय: मेडिकल हॉरर शॉर्ट फिल्म कशी बांधायची

मेडिकल हॉरर करायला निघालेले बहुतेक जण आधी रक्ताचा हिशोब मांडतात. किती लिटर लागेल, भिंतीवर उडवायचं कसं, चादरी किती वाया जातील. गडबड इथेच होते. घाबरलेल्या माणसाची नाडी वाढते, अंग पळायच्या तयारीला लागतं. रक्त, सुई, उघडी जखम पाहून मात्र काही लोकांचं उलट होतं: नाडी आधी जरा चढते आणि मग नाडी, रक्तदाब दोन्ही एकदम घसरतात, तोंड पांढरं पडतं, घेरी येते. किळस आली की प्रेक्षक मान फिरवतो, आणि मान फिरवलेल्या माणसाला तुम्ही पुढचं काही दाखवू शकत नाही.

'द एक्झॉर्सिस्ट' (१९७३) पाहिलेल्या अनेकांना सैतानापेक्षा हॉस्पिटलचा प्रसंग जास्त झोंबतो. मुलीच्या मानेत सुई घालून केलेली अँजिओग्राफी, शेजारी धडधडणारं एक्स-रेचं यंत्र, आणि आपलं रोजचं काम करणारी माणसं. तो प्रसंग न्यूयॉर्कच्या खऱ्या हॉस्पिटलात, तिथले खरे कर्मचारी घेऊन चित्रित झाला. 'कोमा' (१९७८) चा दिग्दर्शक मायकल क्रायटन हार्वर्डमधून डॉक्टर झालेला, मूळ कादंबरी लिहिणारा रॉबिन कुकही डॉक्टरच. त्यातलं सगळ्यात भयानक दृश्य म्हणजे लख्ख उजेडाच्या स्वच्छ दालनात तारांना आडवे टांगलेले बेशुद्ध रुग्ण. 'आईज विदाऊट अ फेस' (१९६०) मध्ये सर्जन चेहऱ्यावर सुरी चालवण्याआधी पेन्सिलीने रेघ आखून घेतो. ती पेन्सिल सुरीपेक्षा वाईट आहे.

तिन्हीकडे खोलीतला प्रत्येक जण आपलं काम शांतपणे, सवयीने, पद्धतशीर करतोय. अडवायचं कुणाला? म्हणून या प्रकारात राक्षस शोधत बसू नका. प्रक्रिया हाच राक्षस, आणि ती जितकी बिनचूक दाखवाल तितकी फिल्म घाबरवेल.

पुढचं सगळं १२ मिनिटांची, दोन रात्रींत चित्रित होणारी, पाच-सहा नटांची मराठी शॉर्ट फिल्म डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

आधी प्रक्रिया ठरवा, मग गोष्ट

'हॉस्पिटलमध्ये काहीतरी भयंकर घडतं' ही गोष्ट नव्हे. एक नेमकी प्रक्रिया घ्या आणि तिच्या पायऱ्या डॉक्टरकडून लिहून घ्या: कोण कुठे उभं राहतं, काय बोलतं, कोणत्या हाताने काय उचलतं.

कमी पैशांत सगळ्यात जास्त भीती देणारी प्रक्रिया म्हणजे मणक्यातून भूल देऊन केलेलं ऑपरेशन. गावोगावच्या नर्सिंग होममध्ये ही भूल रोज दिली जाते, त्यामुळे प्रेक्षकांतल्या कुणी ना कुणी ती घेतलेली असते. रुग्णाला बसवून वाकवतात, पाठ औषधाने पुसतात, सुई देतात. पाय गरम लागतात, मग जड होतात, मग आपले राहत नाहीत. पाच-दहा मिनिटांत स्पिरिटचा बोळा लावून गार लागतंय का विचारतात. छातीपुढे हिरवा पडदा बांधतात. आता हा माणूस जागा आहे, त्याला सगळं ऐकू येतं, पण पडद्यापलीकडचं काही दिसत नाही. दुखत नाही, ओढल्याचं, हलवल्याचं मात्र कळतं. निम्मी फिल्म इथेच तयार आहे.

आता गोष्ट. एका वॉर्डात दोन पाटील. आपले पाटीलकाका मधुमेही, पावलाला छोटी जखम, ती भूल देऊन साफ करायची आहे. दुसऱ्या पाटलांच्या पायाला गँगरीन झालंय आणि तो गुडघ्याखाली कापायचाय. दोघांच्या उजव्या पायाला बँडेज. ऑपरेशन थिएटरात कोण जातं, ते सांगायला नको.

हे अशक्य वाटत असेल तर १९९५ साली अमेरिकेत, फ्लोरिडातल्या टँपा शहरात, सर्जनने एका रुग्णाचा चुकीचा पाय कापला होता. चूक ऑपरेशनच्या मध्येच लक्षात आली, पण तोवर मागे फिरण्यासारखं काही उरलं नव्हतं.

चूक तीन ठिकाणी पेरा

संहितेची खरी परीक्षा इथे आहे. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेची सुरक्षा यादी आणली. तिचे तीन थांबे आहेत: भूल देण्याआधी, कापण्याआधी आणि रुग्ण थिएटरबाहेर जाण्याआधी. रुग्णाचं नाव, कोणतं ऑपरेशन, कोणती बाजू हे पहिल्या दोन थांब्यांवर मोठ्याने तपासायचं असतं. म्हणजे तुमच्या गोष्टीत चूक व्हायची असेल तर ती आधी या चाळण्यांतून सुटली पाहिजे. एका बेफिकीर डॉक्टरच्या डोक्यावर सगळं फोडलंत तर प्रेक्षक त्याच्यावर चिडेल, घाबरणार नाही. प्रत्येक चाळणी साध्या, माणसाला शोभेल अशा कारणाने चुकवा.

मनगटावरची पट्टी: सलाईन लावताना अडचण होते म्हणून सिस्टर ती कापते आणि 'नंतर लावू' म्हणून खिशात ठेवते.

पायावरची खूण: सर्जनने मार्करने बाण काढलाय, पण दुसऱ्या पाटलांच्या पायावर. आपल्या काकांचा पाय बँडेजखाली असल्यामुळे बाण नसल्याचं कुणाच्या ध्यानात येत नाही.

नावाची विचारणा: 'तुमचं नाव काय?' असं विचारायला हवं. सिस्टर विचारते, 'पाटीलकाका ना?' काका म्हणतात, 'हो.' या एका ओळीवर अख्खी फिल्म उभी आहे. तिला क्लोजअप देऊ नका, संगीत देऊ नका. घाईत, चालता चालता निघून जाऊ द्या.

हुशार प्रेक्षक विचारेल, सर्जनला पाऊल दिसत नाही का? कुजलेलं, जंतुसंसर्ग झालेलं पाऊल ऑपरेशनच्या वेळी निर्जंतुक पिशवीत गुंडाळून बाजूला ठेवतात, म्हणजे कापायची जागा स्वच्छ राहते. पाऊल पिशवीत, मांडी हिरव्या कापडाखाली, आणि सर्जनपुढे फक्त मधली वीतभर कातडी. सर्जन आत येण्याआधीच मदतनीसाने हे सगळं उरकलेलं दाखवा. शंका फिटते, आणि त्या वीतभर कातडीचा शॉटही मिळतो.

काका जागे आहेत, तर ओरडत का नाहीत? ओरडू द्या. मॉनिटरवर नाडी वाढते, भूलतज्ज्ञ ते पाहतो आणि म्हणतो, 'काका घाबरलेत, थोडं मिडाझोलाम देऊ.' या गुंगीच्या औषधाच्या दोन मिलिग्रॅमने जीभ जड होते. या औषधाने आठवणही पुसट होते, त्यामुळे उद्या काका काही सांगतील तर त्यांच्यावर विश्वास कोण ठेवणार, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. माणसाची भीतीच त्याला गप्प करायचं कारण ठरते. याहून जास्त खलनायकी लागत नाही.

संमतीपत्रकाचा प्रसंग टाळू नका. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात स्पष्ट केलं की एका प्रक्रियेला दिलेली संमती दुसरीला चालत नाही, आणि रुग्ण शुद्धीवर येऊन स्वतः निर्णय घेऊ शकत असेल तर नातेवाइकाची सहीही पुरत नाही. त्या प्रकरणात तपासणीसाठी भूल दिलेल्या ४४ वर्षांच्या महिलेच्या आईची सही घेऊन गर्भाशय काढलं गेलं होतं. तुमच्या फिल्ममध्ये काकू इंग्रजी फॉर्मवर फुल्या केलेल्या तीन ठिकाणी सही करताना दिसू द्या. 'अहो, इथे काय लिहिलंय?' 'नेहमीचंच असतं ते.' पुरे.

काही विषयांना हात घालताना जपा. रुमालावर क्लोरोफॉर्म लावून माणूस दोन सेकंदांत पडत नाही, कित्येक मिनिटं लागतात. एकटा डॉक्टर पिशवीत किडनी घेऊन पळत नाही. रक्तगट, जुळणी, मोठी टीम, दुसरं सज्ज थिएटर हे सगळं लागतं. मेंदूमृत्यू जाहीर करायला कायद्याने चार डॉक्टरांचं मंडळ आणि सहा तासांच्या अंतराने दोन तपासण्या लागतात. मनोरुग्णालयाच्या फिल्मा तर नकोशा झाल्या आहेत: साखळदंड आणि जागेपणी दिलेला विजेचा झटका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्याला आणि भूल व स्नायू सैल करणारं औषध न देता झटका देण्याला बंदी घातली आहे. आजच्या काळातली गोष्ट असेल तर हे दाखवणं चूक आहे, आणि खऱ्या रुग्णांवर अन्यायही.

जागा

चालू नर्सिंग होमचं थिएटर रविवारी रात्री मिळालं तर उत्तम. मालक डॉक्टरला संहिता आधी वाचायला द्या, पाटी व लोगो झाकण्याचं लेखी कबूल करा, आणि रुग्ण असलेल्या मजल्यावर कॅमेरा नेऊ नका. शूटिंगनंतर थिएटर पुन्हा निर्जंतुक करावं लागतं. तो खर्च तुमचा.

नाहीच मिळालं तर १२ बाय १४ फुटांची रिकामी खोली पुरते. खांद्याच्या उंचीपर्यंत फिकट हिरवा ऑइल पेंट, वर पांढरा, मधे गडद पट्टी. एवढ्यावर मराठी प्रेक्षकाला सरकारी दवाखाना ओळखू येतो. वॉर्डात लोखंडी खाट, लाल ब्लँकेट, खाटेखाली डबा आणि चपला, भिंतीवर 'शांतता राखा', दाराशी 'पादत्राणे बाहेर काढावीत'. मोडकीतोडकी, जळमटं लटकलेली वास्तू टाळा. चालू, स्वच्छ, फिनेल मारलेली जागा जास्त घाबरवते, कारण उद्या आपल्यालाही तिथेच जायचंय.

सामान: इथे चुकलात तर डॉक्टर-नर्स प्रेक्षक हसतील

सर्जिकल दुकानातून नवं, पाकीटबंद सामान आणा. वापरलेलं काही मागून आणू नका. संसर्गाचा धोका आहे, शिवाय जैववैद्यकीय कचरा बाहेर जाणं बेकायदा आहे.

कॅन्युलाचे, म्हणजे सलाईनसाठी शिरेत घालायच्या बारीक नळीचे, रंग आकाराप्रमाणे ठरलेले असतात: १८ नंबर हिरवा, २० गुलाबी, २२ निळा, २४ पिवळा. मोठ्या माणसाच्या ऑपरेशनला हिरवा किंवा गुलाबी लावा. पिवळा लहान मुलांना लावतात. तो काकांच्या हातावर दिसला की जाणकार नर्सचा तुमच्यावरचा विश्वास उडाला.

ऑक्सिजनचं सिलिंडर काळं, खांदा पांढरा. भुलीसाठी लागणाऱ्या नायट्रस ऑक्साइड वायूचं निळं. सुरीचं ३ नंबरचं हँडल १०, ११, १५ ची पाती घेतं. ४ नंबरचं २० ते २४ ची. मोठ्या छेदाला ४ नंबर आणि २२ चं पातं. फिल्मसाठी पात्याची धार कानशीने पूर्ण घासून काढा आणि हे काम एकाच माणसावर सोपवा.

कचऱ्याच्या रंगांना गोष्टीत काम आहे. रक्ताळलेले बोळे आणि कापलेला अवयव पिवळ्या पिशवीत जातो, सलाईनचा सेट, नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात, काचेच्या कुप्या निळ्यात. पहिल्या प्रसंगात मावशी वॉर्डातली पिवळी पिशवी बदलताना दिसली की शेवटी तीच पिशवी बोलते.

मॉनिटर भाड्याने महाग पडतो. टॅबवर तयार केलेला व्हिडिओ चालवा, कडेला काळी चौकट लावा. आकड्यांचा क्रम असा ठेवा: आत येताना नाडी ८४, रक्तदाब १४० वर ८६, ऑक्सिजन ९८. मणक्यातल्या भुलीनंतर रक्तदाब उतरतो, तेव्हा १०४ वर ६४. काकांना कळतं तेव्हा नाडी ११८. मिडाझोलामनंतर ९० आणि ऑक्सिजन ९५. सरळ रेघ कुठेही नको. आणि दुसऱ्या एखाद्या फिल्ममध्ये सरळ रेघ आलीच, तर तिथे शॉक देऊ नका. हृदय पूर्ण थांबलेलं असताना शॉकचा उपयोग नसतो.

रक्त, कातडी आणि पाय

अख्ख्या फिल्मला पाव लिटर रक्त पुष्कळ झालं. बेकरीचं सामान मिळतं तिथून लिक्विड ग्लुकोज २०० ग्रॅम आणा. ६० मिली कोमट पाण्यात एक छोटा चमचा कोको गुठळ्या मोडेपर्यंत घोळा, त्यात एक छोटा चमचा लाल खाद्यरंग आणि दोन थेंब निळा टाका, मग ग्लुकोज मिसळून बुडबुडे बसेपर्यंत अर्धा तास ठेवा. शिरेचं रक्त हवं तर कोको थोडा वाढवा, धमनीचं हवं तर निळा वगळा.

बिघडतं ते असं. एलईडी दिव्याखाली रक्त गुलाबी दिसतं. निळ्याचा आणखी एक थेंब लागतो, म्हणून चाचणी तुमच्या दिव्यात आणि तुमच्याच कॅमेऱ्यातून घ्या. पाणी जास्त झालं तर कापडावर डागाभोवती गुलाबी कड पसरते. खाद्यरंग कातडीवर दोन दिवस राहतो, म्हणून नटाला आधी खोबरेल किंवा व्हॅसलिन चोळा. आणि मुंग्या! रात्री सेट तसाच सोडलात तर सकाळी ऑपरेशन टेबलावर त्यांची रांग. उरलेलं फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांत टाकून द्या.

खऱ्या छेदात रक्त लगेच उसळत नाही. कातडी आधी फाकते, क्षणभर फिकट दिसते, खालची पिवळट चरबी दिसते, मग बारीक ठिपके फुटतात आणि ते एकमेकांना मिळतात. तो एक-दोन सेकंदांचा उशीर दाखवलात तर शंभर लिटरचं काम होतं.

कॅन्युलाच्या शॉटसाठी सिलिकॉनची कातडी करा. प्लॅटिनम सिलिकॉन, अ आणि ब भाग वजनाने सारखे, १५-१५ ग्रॅम. कातडीच्या रंगाचं सिलिकॉनचं रंगद्रव्य अगदी चिमूटभर. गुळगुळीत प्लास्टिकवर ६ बाय ८ सेंटिमीटर, मधे ४ मिलिमीटर जाड आणि कडेला शून्यापर्यंत उतरती अशी पसरा. शिरेसाठी आत बारीक नळी दाबा. हे करताना लॅटेक्सचे हातमोजे घालू नका. त्यांतल्या गंधकामुळे प्लॅटिनम सिलिकॉन सुकतच नाही, चिकट राहतं, आणि लोक दोष मात्र सामानाला देतात. नायट्राइल मोजे वापरा. गंधक असलेल्या मातीच्या साच्यातही तीच गत होते. चिकटवायचा गोंद आदल्या दिवशी नटाच्या हाताच्या आतल्या बाजूला लावून बघा. खाज, लाली आली तर तो गोंद बाद. जिलेटिनची कातडी स्वस्त पडते, पण आपल्याकडच्या उकाड्यात दिव्याखाली तासाभरात ओघळायला लागते.

नियम एकच: ज्या शॉटमध्ये सुई आहे त्या शॉटमध्ये माणसाचा हात नाही. सुई टोचण्याचा क्लोजअप टेबलावर ठेवलेल्या सिलिकॉनमध्ये घ्या. नटाच्या हातावर पातळ प्लास्टिकच्या तुकड्यावर बसवलेल्या कातडीत सुई काढून टाकलेली नुसती प्लास्टिकची कॅन्युला खोवा.

कापलेला पाय दाखवायचा नाही. फक्त पिवळी पिशवी आणि ती उचलणाऱ्या मावशीचा वाकलेला हात. पण वजन खरं हवं. गुडघ्याखालचा पाय आणि पाऊल मिळून शरीराच्या वजनाच्या साधारण ६ टक्के भरतं. ७० किलोच्या माणसाचं चार किलोच्या आसपास. छेद गुडघ्याच्या दहा-पंधरा सेंटिमीटर खाली असल्याने तुकडा तीन किलोंचा धरा. जुन्या पँटच्या पायात खाली वाळू, वर स्पंज असा भरून घ्या. थर्माकोलचा पाय उचलताना मनगट ज्या सहजतेने वर जातं, ती प्रेक्षकाला कळते आणि सगळं मुसळ केरात जातं.

नट

टेबलावर झोपणाऱ्या नटाची काळजी ही कलेचीच बाब आहे, कारण खरोखर त्रासलेला नट नीट काम करत नाही. 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' (१९७१) मध्ये माल्कम मॅकडॉवेलच्या पापण्यांना खरे चिमटे लावले होते. शेजारी थेंब घालायला खरा डॉक्टर उभा होता, तरी त्याच्या बुबुळाला ओरखडा गेलाच. डोळ्याला काहीही लावायचं नाही.

हात बांधायचे पट्टे वेल्क्रोचे, एका झटक्यात सुटणारे. थांबण्याचा एक शब्द ठरवा जो संवादात कुठेच नाही, कारण 'थांबा, सोडा' हे शब्द प्रसंगातही आहेत. ऑक्सिजन मास्कला मागून दोन मोठी भोकं पाडा. तोंडावर प्लास्टिक कधीच नाही. छाती दाबण्याचा प्रसंग असेल तर जिवंत माणसावर दाब द्यायचा नाही. गादीवर दाबा आणि वरून चादर दाखवा. एसी थिएटरात उघड्या अंगाने पडलेला नट लवकर गारठतो, म्हणून २०-२५ मिनिटांनी उठवा, गरम काहीतरी द्या.

अभिनयाची सूचना अशी: डॉक्टर, सिस्टर कुणीही गूढ हसायचं नाही, डोळे बारीक करायचे नाहीत. ऑपरेशन चालू असताना ते शाळेच्या ॲडमिशनबद्दल, गाडीच्या मायलेजबद्दल बोलतात. 'काका, झोपा, सगळं ठीक आहे' हे वाक्य प्रत्येक वेळी खऱ्या मायेने म्हणायचं.

कॅमेरा आणि उजेड

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, नाहीतर ट्यूबलाइट पट्ट्या मारतील. २४ फ्रेमवर चित्रित करत असलात तरी शटर १/५० च. जुन्या चोकच्या ट्यूबमुळे चेहरे हिरवट येतात. वॉर्डात तो हिरवेपणा राहू द्या, थिएटरात पांढरा उजेड करा. वरून येणाऱ्या दिव्यामुळे मास्कवरचे डोळे खोबणीत जातात, वेगळं काही करावं लागत नाही.

वॉर्डात कॅमेरा उभ्या माणसाच्या उंचीवर. काका स्ट्रेचरवर गेले की तो उशीवर येतो आणि शेवटपर्यंत तिथून उठत नाही. स्ट्रेचर हीच तुमची ट्रॉली: २४ ते २८ मिमी लेन्स, छतावरचे दिवे मागे सरकताना, उलटे दिसणारे चेहरे. चाकांना तेल द्या, हवेचे टायर असतील तर हवा थोडी कमी ठेवा, नाहीतर फरशीच्या सांध्यांवर चित्र थडथडतं.

अपवाद एकच, पडद्यापलीकडे कॅमेरा एकदा जातो: त्या वीतभर कातडीचा शॉट, पाच सेकंद. मग परत. दुसऱ्यांदा गेलात तर काकांचं आंधळेपण संपतं आणि भीतीही.

आवाज

दोन रात्री शूटिंगला दिल्या असतील तर चार दिवस आवाजाला द्या. प्रेक्षकाला काकांइतकंच दिसतंय, म्हणजे पडद्यामागची सगळी फिल्म कानांवर चालणार आहे.

पल्स ऑक्सिमीटरची टिकटिक नुसती तोंडी लावू नका. नाडी वाढली की ती जलद होते, ऑक्सिजन उतरला की तिचा स्वर खाली जातो. भूलतज्ज्ञ स्क्रीनकडे न बघताही स्वरावरून ओळखतो. काका घाबरतात तेव्हा टिकटिक जलद पण उंच; औषध दिल्यावर संथ आणि अर्ध्या स्वराने खाली.

कॉटरीचं, म्हणजे विजेने रक्तवाहिन्या जाळून बंद करणाऱ्या यंत्राचं, पेडल दाबलं की ते सलग एका सुरात वाजतं. त्याच्या खाली चर्र असा आवाज. तापलेल्या तव्यावर ओलं फडकं टेकवून तो रेकॉर्ड करा. रक्त ओढून घेणाऱ्या सक्शनच्या नळीसाठी ग्लासच्या तळाशी स्ट्रॉ. आर्टरी फोरसेप्सचं, म्हणजे रक्तवाहिनी धरायच्या चिमट्याचं, कट-कट-कट तीन दात लागण्याचं. हे खऱ्या अवजाराचंच घ्या, मोबाइल स्टीलच्या ट्रेखाली ठेवून.

करवत. कसायाकडून मटणाची लांब नळी घ्या, ओल्या टॉवेलात गुंडाळून शिकंज्यात धरा, हॅकसॉने कापा. एक माइक जवळ, दुसरा लाकडी टेबलाला टेकवून. टेबलातून आलेला आवाज काकांना पाठीतून ऐकू येणारा, म्हणून तो थोडा मोठा ठेवा. भुलीमुळे दुखत नाहीये, पण अंग हलतंय: टेबलाचा पाय कुणीतरी त्याच तालात हलवायचा, काकांची हनुवटी बारीक थरथरायला हवी. हाड तुटायला फार वेळ लागत नाही, हे ध्यानात ठेवा. करवत ३० ते ४० सेकंद चालवा आणि मधे एकदा थांबवा. सर्जन म्हणतो, 'लाइट जरा इकडे घ्या.' पुन्हा सुरू. तो विराम सगळ्यात जीवघेणा.

पार्श्वसंगीत थिएटरात नको. रेडिओवर गाणं हवं असेल तर स्वतः बांधून घ्या, हक्कांच्या भानगडीत पडू नका.

संकलन, प्रमाणपत्र आणि पहिला खेळ

पहिल्या कटमध्ये नावाची ओळ चौथ्या मिनिटाच्या आत यायला हवी. तिचं महत्त्व त्या क्षणी दोन-तीन जणांच्याच लक्षात यावं. सगळ्यांच्या लक्षात आलं तर ती ओळ जास्त ठळक झाली. कुणाच्याच नाही आलं तर काकांचा 'हो' पुसट रेकॉर्ड झालाय, डबिंग करा. करवतीचा प्रसंग लांबलाय की नाही हे ठरवताना पडद्याकडे बघू नका. बघणाऱ्यांचे हात बघा: आधी खुर्चीचा दांडा धरतात, मग स्वतःचं गुडघ्याखालचं. त्यानंतर पाच सेकंदांत कट मारा. मोबाइल निघाले तर तुम्ही उशीर केलात.

सार्वजनिक थिएटरात दाखवायची असेल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर युए श्रेणीत ७, १३ आणि १६ वर्षांचे टप्पे आहेत. रक्त कमी आणि ताण जास्त असलेल्या अशा फिल्मसाठी युए १६+ साठी तयारी ठेवा. पोस्टरवर आणि सुरुवातीला शस्त्रक्रियेची दृश्यं असल्याचं एका ओळीत लिहा. ज्यांना सुईच सहन होत नाही त्यांना फसवून बसवण्यात काही कौशल्य नाही.

खेळाच्या वेळी दारापाशी एक जण उभा ठेवा. कुणी पांढरं पडलं, घाम फुटला, जांभया द्यायला लागलं तर उभं करून बाहेर नेऊ नका. तिथेच आडवं करा, पाय वर उचलून धरा. पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी घालायचं नाही. मिनिट-दोन मिनिटांत माणूस बोलायला लागतो. मग दहा मिनिटं झोपवून ठेवा, आधी बसवा, मग उठवा. पडताना डोकं आपटलं असेल किंवा शुद्ध लवकर आली नाही तर १०८ ला फोन.